किती दिवस, देवा? स्तोत्रांच्या वळणाने कविता लिहू पाहणाऱ्यांसाठी

भक्तीची कविता लिहायला बसलेल्या माणसाच्या लेखणीतून पहिली ओळ बहुतेक वेळा अशी उतरते: 'हे दयाघना, करुणासागरा, तूच माझा आधार.' ओळ खोटी नसते. पण ती त्या माणसाचीही नसते. ती आधीपासून सगळ्यांच्या तोंडी असते, म्हणून आपसूक हाताला लागते. बायबलमधली स्तोत्रं वाचून मन भरून आलं, आपणही असं काही लिहावं असं वाटलं, की इथूनच वाट चुकायला सुरुवात होते. स्तोत्रकर्ता देवाला विशेषणांनी मढवत बसत नाही. तो देवाला आपलं अंथरूण दाखवतो, 'हे बघ, रडून रडून भिजलं आहे' म्हणतो. हे सहाव्या स्तोत्रात आहे.

मी नगरकडचा. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण मुलं गाणी लिहून आणतात, कुणी निवृत्त शिक्षक येतात, एखादी आजी नातीकडून लिहून घेऊन येते. त्यांच्यासोबत बसून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडतो. ख्रिस्ती नसलेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं उपयोगी पडेल. ही स्तोत्रं मुळात यहुदी लोकांची प्रार्थना आहेत, आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे इथल्या यहुदी, लोकांनी तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलच्या कथांवर मराठीत कीर्तनं केली.

आधी एक स्तोत्र आठवडाभर

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, पाच भागांत लावलेली. ७३ स्तोत्रांच्या माथ्यावर दावीद राजाचं नाव आहे, नव्वदाव्यावर मोशेचं. सगळी एका दमात वाचायला घेऊ नका. ११९वं स्तोत्र १७६ ओव्यांचं आहे, तिथे नवा माणूस थकतो. त्यापेक्षा १३, २३, १२१, १३० किंवा १३१ यांतलं एक निवडा. १३१वं तर तीनच ओव्यांचं. (छापील पुस्तकात 'वचन' म्हणतात. आम्ही बोलताना ओवी म्हणतो, ती सवय इथेही राहू द्या.)

निवडलेलं स्तोत्र सात दिवस मोठ्याने वाचा, एकदा हाताने उतरवून काढा. मोबाइलवर नको, वहीत. उतरवताना हात जिथे थांबतो तिथे काहीतरी असतं. तुमच्याकडे पंडिता रमाबाईंचं भाषांतर असेल, बायबल सोसायटीचं असेल किंवा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल', तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. शब्द बदलले तरी ओळीचा जो भाग दोन्हीकडे तसाच राहतो, तो कवितेचा कणा.

'तू' कुठे येतो ते बघा

तेविसावं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, म्हणूनच त्यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. सुरुवातीला दावीद देवा*विषयी* बोलतो. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. मग वाट अंधाऱ्या दरीत उतरते, मरणाची सावली पडते, आणि त्याच ओळीत 'तो'चा 'तू' होतो: तू माझ्याबरोबर आहेस, तुझी आकडी, तुझी काठी. कुरणात देवाविषयी बोलता येतं. दरीत त्याच्याशीच बोलावं लागतं. तिथून पुढे ताटाच्या आणि प्याल्याच्या ओळींतही 'तू'च आहे.

मराठीत ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे. आपण आईला 'तू' म्हणतो आणि देवालाही. वडिलांना, गुरुजींना, पाळकांना 'तुम्ही' म्हणणारा माणूस गुडघे टेकले की 'तू'वर येतो. ही जवळीक कवितेत वापरा. तुमचा खर्डा झाला की त्यात 'तो' किती आणि 'तू' किती, हे मोजा. सगळीकडे 'तो' असेल तर ते प्रवचन झालं आहे. प्रवचन चांगलं असू शकतं, पण त्याला स्तोत्र म्हणत नाहीत.

आपल्या घरातली वस्तू आणा

स्तोत्रकर्ते दिसेल ते उचलतात. १०२व्या स्तोत्रातला दुःखी माणूस स्वतःला पडक्या जागेतलं घुबड म्हणतो, छपरावर एकटीच बसलेली चिमणी म्हणतो. ५६व्यात तो देवाला सांगतो, माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव. १३३व्यात भावाभावांची एकी कशी, तर अहरोन याजकाच्या दाढीवरून झग्याच्या काठापर्यंत ओघळणाऱ्या तेलासारखी. १३१व्यात शांत झालेला जीव म्हणजे दूध तुटलेलं मूल. या शेवटच्या चित्रापाशी थोडं थांबा. अंगावर पिणारं मूल आईजवळ दुधासाठी येतं. दूध तुटलेलं मूल नुसतं येऊन मांडीवर बसतं, त्याला काही नको असतं, आई हवी असते. तीन ओव्यांच्या स्तोत्रात प्रार्थनेविषयी एवढं सांगून झालं आहे, आणि त्यात प्रार्थना हा शब्दही नाही.

म्हणून कागदावर एक यादी करा, जिच्यात गेल्या महिन्यात तुम्ही हात लावलेल्या वस्तू असतील. लोकलचा पास, डायलिसिसची फाइल, पाण्याचा टँकर आल्यावर लागलेली हंड्यांची रांग, मुलाचा नापासाचा निकाल, गॅसवर उतू गेलेलं दूध. मेंढपाळ लिहायचा तर तो तुम्ही पाहिलेला असू द्या. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे कळप उतरतात, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, घोड्यावर बांधलेली कोंबडी आणि लेकरं. तेविसावं स्तोत्र मला त्यांच्यामुळे कळलं. पुण्यात बाराव्या मजल्यावर वाढलेल्या मुलीने मेंढरं आणायची गरज नाही, तिने लिफ्ट बंद पडल्याचा अंधार आणावा.

माझ्या यादीत एका वर्षी एकच गोष्ट होती: कांद्याची चाळ. उन्हाळ कांदा आम्ही वैशाखात चाळीत भरला, भाव येईल म्हणून ठेवला. श्रावण-भाद्रपदात पाऊस हटेना, हवा दमट झाली, कांद्याला पाणी सुटायला लागलं. तो वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. रोज चाळ उघडायची, सडके वेचून बाहेर टाकायचे, उरलेले उलटेपालटे करायचे. मी कविता लिहायची म्हणून बसलो नव्हतो. मी देवावर चिडलो होतो, आणि रोज सकाळी तेरावं स्तोत्र वाचत होतो.

जोडओळ: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

हिब्रू स्तोत्रांत आपल्यासारखं यमक नाही. तिथे अर्थ अर्थाशी जुळतो. एक ओळ म्हणायची, मग दुसरी ओळ तीच गोष्ट वेगळ्या बाजूने म्हणते. रॉबर्ट लाउथ नावाच्या इंग्रज धर्मपंडिताने १७५३ साली छापलेल्या व्याख्यानांत ही रीत नीट उलगडून दाखवली. याच रीतीमुळे स्तोत्रं भाषांतरात तगतात. यमक दुसऱ्या भाषेत नेताना गळून पडतं, अर्थाची जोडी गळत नाही.

जोडओळीच्या तीन चाली शिकून घेतल्या तर पुष्कळ झालं. पहिलीत दुसरी ओळ पहिलीला दुजोरा देते. एकोणिसाव्या स्तोत्रात आकाश देवाचा महिमा सांगतं, तर अंतराळ त्याच्या हातचं काम दाखवतं. दुसरीत ओळ उलटते. तिसाव्या स्तोत्रात रडणं रात्रीच्या मुक्कामाला येतं, सकाळी आनंद दारात असतो. तिसरीत दुसरी ओळ पहिलीचा शब्द हातात धरून पायरी चढते. १२१व्यात आधी 'माझी मदत कुठून येणार?' आणि लगेच 'माझी मदत परमेश्वराकडून'.

नवे लोक पहिल्या चालीत फसतात, कारण ती सोपी वाटते. माझा पहिला खर्डा असा होता:

किती दिवस, देवा, मी वाट पाहू?
किती काळ, प्रभो, मी थांबून राहू?

यमकही जुळलं आहे. पण दुसऱ्या ओळीत नवं काही नाही, पहिलीच कपडे बदलून आली आहे. दुजोरा देणाऱ्या ओळीनेसुद्धा पाऊलभर पुढे जायला हवं: जास्त जवळ, जास्त नेमकं, जास्त दुखरं. पुन्हा लिहिलं:

किती दिवस, देवा, मी चाळीपाशी उभा राहू?
किती रात्री बॅटरी धरून सडके वेचू?

दिवसाशी रात्र जुळली, उभं राहण्याशी वाकून वेचणं जुळलं. पहिल्या ओळीत माणूस नुसता उभा आहे, दुसरीत त्याचे हात बरबटले आहेत. यमक गेलं, त्याची आठवणही झाली नाही. पुढच्या जोड्या अशा आल्या:

वैशाखात तुझं नाव घेऊन मी चाळ भरली,
भाद्रपदात त्याच हातांनी पाट्या उकिरड्यावर ओतल्या.

तू पाऊस पाठवलास, मी हात जोडले;
तू पाऊस आवरला नाहीस, माझे हात खाली आले.

तुम्ही आठवडाभर एवढाच सराव करा. रोज एक ओळ लिहायची, आणि तिच्यासाठी तीन वेगवेगळ्या दुसऱ्या ओळी: एक दुजोऱ्याची, एक उलटणारी, एक पायरी चढणारी. तिघींतली एक ठेवायची. सात दिवसांत सात जोड्या होतात, आणि कान तयार होतो. छंद, चाल, शीर्षक यांचा विचार अजून करू नका.

तक्रार करायला भिऊ नका

हिब्रूत या पुस्तकाचं नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तवनं. आणि त्यात सर्वांत जास्त भरणा आहे विलापांचा. ज्यांनी हा ग्रंथ लावला त्यांनी रडण्याला स्तवनाच्या पंगतीत बसवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे मंडळीत उभं राहून कुणी 'देवा, तू झोपलास का?' म्हटलं तर माणसं चुळबुळ करतात. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात नेमकं तेच विचारलं आहे.

विलापाचा साचा तेराव्या स्तोत्रात अगदी उघडा दिसतो, म्हणून मी सगळ्यांना ते पहिलं देतो. सहा ओव्या आहेत. पहिल्या दोनांत सवाल आहेत, 'किती काळ?' हा एकच प्रश्न चार वेळा. मधल्या दोनांत मागणं आहे: बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण, नाहीतर मी मरणाच्या झोपेत जाईन. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. ही वळणं घेताना बाहेरचं काहीच बदललेलं नाही. शत्रू गेलेला नाही, उत्तर आलेलं नाही. फक्त 'पण मी' असं म्हणून माणूस वळतो.

हे 'पण' विलापाचं बिजागर आहे. ते लिहिताना घाई होते. दोन ओळी रडून लगेच 'तरी तू महान' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं, कारण ऐकणाऱ्यांना ते आवडतं. तसं करू नका. माझ्या कवितेत ते 'पण' तीन आठवडे आलं नाही, आणि मी वही तशीच बंद ठेवली. आलं तेव्हा ते एवढंच होतं:

पण दुसऱ्या कुणाचं नाव मला येत नाही;
सडक्यांतून निवडलेले हे चार कांदे, तुझ्यापुढे ठेवतो.

आणि 'पण' आलंच नाही तर? तर तशीच संपवा. ८८वं स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपतं, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. ज्यांनी ते ग्रंथात ठेवलं त्यांना ते खटकलं नाही.

शापाच्या ओळींचं एक वेगळं सांगतो. १०९ आणि १३७ या स्तोत्रांत सूड इतका उघड मागितला आहे की वाचताना अंगावर काटा येतो. तुमच्याही पोटात असा राग असेल, जमिनीच्या वाटणीचा असेल, आणखी कशाचा. तो वहीत लिहा, देवाच्या हाती द्या. पण माणसाचं नाव घालू नका आणि ती कविता उपासनेत गाऊ नका. समोर बसलेल्यांना त्या रागात ओढण्याचा हक्क आपल्याला नाही.

मग छंद

मजकूर पक्का झाल्यावरच छंदाकडे या. मुक्त जोडओळींतच ठेवलीत तरी स्तोत्राशी तुमचं नातं पूर्ण आहे. पण मंडळीने गावं असं वाटत असेल तर अभंग आणि ओवी आपल्या हाताशी आहेत, आणि ही वाट जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. हा माणूस जन्माने इंग्रज होता. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. अहमदनगरला राहून त्यांनी लिहिलेली भजनं आमच्याकडे आजही पेटी-टाळांवर म्हटली जातात. त्यांनी बाहेरची चाल उसनी आणली नाही, म्हणून ती गाणी खेड्यातल्या बाईच्या तोंडी बसली.

मोठ्या अभंगाचं माप सोपं आहे: चार चरण, पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच मोजायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, म्हणून नव्या माणसाला हा छंद अंगावर येत नाही. माझी चाळ अभंगात उतरवली ती अशी:

किती दिस देवा । उभा तुझ्या दारी ।
सडली भाकरी । चाळीमाजी ॥

तुझ्या नावे केली । लावण ही सारी ।
आता कोणा दारी । हात जोडू ॥

परी दुजे नाव । येईना ओठाला ।
निवडून तुला । कांदे चार ॥

बोटांवर मोजून बघा: कि-ती-दि-स-दे-वा सहा, चा-ळी-मा-जी चार. छंदात उतरवताना काय गेलं तेही बघा. बॅटरी गेली, पावसाची जोडी गेली. ती जोडी मला प्रिय होती, पण सहा अक्षरांत बसवायला गेलो की ओढाताण दिसायची, तेव्हा सोडून दिली. बदल्यात काही मिळालंही. 'कांदा' म्हणायला जागा नव्हती म्हणून 'भाकरी' आली, आणि खरं तर सडत होती ती भाकरीच. पहिल्या कडव्यात 'तुझ्या दारी' आणि दुसऱ्यात 'कोणा दारी', ही जोडी मी ठरवून आणलेली नाही. यमकाने आणली.

अभंग जमत नसेल तर पालुपद धरा. १३६व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येकीचा दुसरा अर्धा एकच: त्याची दया सनातन आहे. एक जण पुढची ओळ म्हणतो, बाकीचे पालुपद धरतात. आपल्या भजनी मंडळाला हे शिकवायला लागत नाही. पालुपद मात्र छोटं हवं आणि वीस वेळा म्हणून झालं तरी जिभेला अडू नये. अकारविल्हे लिहायची हौस असेल तर २५, ३४ आणि १४५ ही स्तोत्रं बघा, तिथे ओव्या हिब्रू अक्षरांच्या क्रमाने लागतात. ते पुढचं काम आहे, वर्षभराने करा.

खाली बसून छाटणी

खर्डा पंधरा दिवस झाकून ठेवा. मग पेन्सिल घेऊन एकेक विशेषण झाका आणि ओळ वाचा. ओळ उभी राहिली तर विशेषण काढा. 'दयाघन', 'पतितपावन', 'चरणकमळ' हे शब्द मोठे आहेत, पण ते ज्या संतांनी जगून मिळवले त्यांच्या तोंडी. आपल्या ओळीत ते आले की आपण काहीतरी सांगायचं टाळलं आहे असं समजा आणि त्या जागी काय सांगायचं होतं ते लिहा. बायबलमधली ओळ जशीच्या तशी आली असेल तर तीही काढा. स्तोत्राकडून रीत घ्यायची, वाक्य नाही.

मग कुणापुढे तरी मोठ्याने वाचा. कवीपुढे नको. प्रार्थना करणाऱ्या माणसापुढे वाचा. 'छान आहे' म्हणाले तर अजून काम बाकी आहे. 'हे पुन्हा म्हण' असं म्हणाले की ती ओळ राखा.

आमच्याकडे बुधवारच्या प्रार्थनेत तो अभंग पहिल्यांदा म्हटला तेव्हा पेटीवाल्याने शेवटचा चरण चटकन उरकला, चार अक्षरं म्हणजे संपलंच म्हणून. पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी टाळ थांबवले. त्यांच्या घरची चाळही त्याच पावसात बसली होती. त्या म्हणाल्या, "असं नको रे बाबा. चार कांदे आहेत ना? मग चारही ठेवू दे की हळू." तेव्हापासून तो चरण आम्ही अक्षर-अक्षर सोडून म्हणतो, कां, दे, चा, र, आणि मग टाळ.